‘तिथे काही नाही’ असे म्हणण्यापूर्वी

आमच्या मंडळीच्या आवारात एक जुनी विहीर होती. चिऱ्यांनी बांधलेली, वीस-बावीस हात खोल. घरोघर नळ आल्यापासून तिचे पाणी कोणी ओढत नव्हते. कठडा ढासळला होता, आतल्या भेगांतून पिंपळाची रोपे वर आली होती, आणि लग्नाच्या जेवणावळी झाल्या की लोक पत्रावळी व प्लास्टिकचे पेले बिनदिक्कत तीत टाकीत. चार वर्षांपूर्वी ती बुजवून तेथे गाड्या लावायला जागा करावी असा ठराव कमिटीपुढे आला. गरज खोटी नव्हती. लोकांना रस्त्याच्या कडेला गाड्या लावाव्या लागत, आणि उपासनेला येणाऱ्या एका वृद्ध बाईंना ट्रकचा धक्का लागता लागता राहिला होता. चर्चा चालू असता कोणीतरी विचारले, “विहिरीत काही आहे का?” आमच्यातले एक वडीलधारे अण्णा म्हणाले, “काही नाही. पडीक आहे.” सर्वांनी हात वर केले. मीही केला. आठवड्याभरात दगड, मुरूम पडला आणि वर फरशी बसली.

पुढच्या रविवारी संडे स्कूलमध्ये उत्पत्तीचा पहिला अध्याय चालला होता. पाचव्या दिवसाचे काम, म्हणजे पाण्यातल्या जीवांची व पाखरांची उत्पत्ती, सांगून झाली. तेव्हा चौथीतला एक मुलगा उठून म्हणाला, “काका, आपल्या विहिरीत कासव होतं. त्याला आधी बाहेर काढलं होतं का?”

मी म्हणालो, “पाहून सांगतो.” पाहण्यासारखे आता तेथे काही उरलेले नाही हे मला ठाऊक होते.

प्रिय वाचकहो, ‘काही नाही’ हे दोन शब्द तेव्हापासून माझ्या मागे लागले आहेत. ते किती सहज आपल्या तोंडून निघतात, आणि आजवर किती वेळा खोटे ठरले आहेत, याचा मी शोध घेऊ लागलो. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

शाळेच्या भूगोलात आपण शिलावरण, जलावरण, वातावरण हे शब्द शिकलो. चौथा शब्द जीवावरण. पृथ्वीवर जेथे जेथे जीव आहे तेवढा भाग म्हणजे जीवावरण. १८७५ मध्ये एडुआर्ड स्यूस या ऑस्ट्रियन भूगर्भशास्त्रज्ञाने आल्प्स पर्वताविषयीच्या आपल्या पुस्तकात या अर्थाचा शब्द पहिल्याने वापरला. पुढे १९२६ मध्ये रशियन शास्त्रज्ञ व्लादिमीर वेर्नाद्स्की याने त्याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जीव हा पृथ्वीच्या पाठीवरचा उपरा भाडेकरू नव्हे. हवा, पाणी, माती या सर्वांना तो घडवीत असतो, असे त्याचे सांगणे होते. आपण श्वासाबरोबर घेतो तो प्राणवायूच पाहा. तो हवेत आहे तो हिरव्या वनस्पतींमुळे आणि समुद्रातल्या सूक्ष्म जीवांमुळे.

हे आवरण किती जाड आहे? वरची बाजू पाखरांवरून सांगता येईल. हिवाळ्यात गदग जिल्ह्यातील मागडीच्या तळ्यावर डोक्याला दोन काळे पट्टे असलेले हंस येतात, ते आमच्या बेळगावकडच्या पुष्कळांनी पाहिले असतील. या जातीचे हंस हिमालय ओलांडताना सात हजार मीटरच्याही वर गेल्याची नोंद आहे. १९७३ मध्ये आयव्हरी कोस्टजवळ एक गिधाड सुमारे अकरा हजार मीटर उंचीवर विमानावर आदळले. खाली पाहिले तर पॅसिफिक महासागराची सर्वांत खोल घळ सुमारे अकरा किलोमीटर खोल आहे, आणि तिच्या तळाशीही झिंग्याच्या गोतावळ्यातले जीव आहेत. म्हणजे वरपासून खालपर्यंत वीस-बावीस किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या मात्र ६,३७१ किलोमीटर. संडे स्कूलच्या शिक्षकांना वर्गात दाखवायचे असेल तर एक फूट व्यासाचा पृथ्वीगोल घ्यावा. त्यावर हे सगळे जीवावरण जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे, लग्नपत्रिकेच्या कागदाएवढे होईल. आपली शेते, देवळे, चर्चे, कबरस्थाने आणि राज्याराज्यांच्या सीमांचे तंटे, सर्व त्या कागदात.

आता ‘काही नाही’ची गोष्ट. एडवर्ड फोर्ब्स हा ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ हुशार आणि प्रामाणिक होता. १८४१ मध्ये त्याने एजियन समुद्रात, म्हणजे प्रेषित पौलाने ज्या पाण्यातून प्रवास केला त्याच पाण्यात, तळ खरवडणारी पिशवी टाकून जीव गोळा केले. जसजसे खोल जावे तसतसे जीव कमी. त्यावरून त्याने अनुमान काढले की सुमारे तीनशे फॅदम, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या खाली जीव नसावा. समुद्राची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरहून अधिक आहे. तेव्हा या एका वाक्याने पृथ्वीवरचा बहुतेक समुद्र निर्जीव ठरला! चूक कोठे झाली? तो समुद्र मुळातच जीवांच्या दृष्टीने गरीब, आणि पिशवीची भोके लहान असल्यामुळे ती चिखलाने लवकर भरून जाई. त्याच्याही आधी, १८१८ मध्ये, जॉन रॉसच्या जहाजाने उत्तरेकडील बॅफिनच्या उपसागरात त्याहून पुष्कळ खोलातून फांद्या फुटलेल्या हातांचा एक तारामासा वर काढला होता. पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगाचे समुद्र पालथे घातले, तेव्हा कोठे हा समज पुरता मोडला.

समज मोडला तरी सवय मोडली नाही. खोल समुद्रात जीव आहे, पण वरून गळून येणाऱ्या उष्ट्यावर जगणारा, विरळ आणि दरिद्री, असे मानले जाऊ लागले. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ ‘ॲल्विन’ नावाची छोटी पाणबुडी अडीच हजार मीटर खाली गेली. तळाच्या भेगांतून गरम पाणी वर येते काय, एवढेच पाहायचे होते. म्हणून जहाजावर सगळे भूगर्भशास्त्रज्ञ. जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. गरम पाणी सापडले, आणि त्याच्याभोवती हातभर शिंपल्यांचे थर, खेकडे, आणि माणसापेक्षा उंच वाढणारे, पांढऱ्या नळीत राहणारे लाल शेंड्याचे किडे. नमुने टिकवायला पुरेसे औषध जवळ नव्हते, म्हणून पनामात घेतलेली रशियन दारू वापरावी लागली. (दारूबंदीवर पुष्कळ व्याख्याने दिलेल्या मला हा तिचा एकमेव चांगला उपयोग वाटतो.) त्या किड्याला तोंड नाही, पोट नाही. त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू पाण्यातल्या गंधकयुक्त वायूपासून अन्न तयार करतात आणि त्यावर तो जगतो. तेथे सूर्याचा किरण पोहोचत नाही. त्या शास्त्रज्ञांपैकी किती जण देवाला मानणारे होते मला माहीत नाही; पण त्यांनी त्या काळोखातल्या एका जागेला नाव दिले ते ‘एदेन बाग’.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे जीव सूर्यावाचून जगतात असे पुष्कळदा म्हणतात, ते पुरते खरे नाही. त्या जिवाणूंना आपले काम करायला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो, आणि तो वरच्या उजेडातल्या जीवांनीच तयार केलेला असतो. वस्त्र एकच आहे. एक टोक उन्हात, एक काळोखात.

समुद्र दूर वाटत असेल तर पायाखाली पाहू. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल, खडकाच्या फटीतल्या पाण्यात एक जिवाणू सापडला. २००८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. तेथे तो जवळजवळ एकटाच राहतो. खडकातल्या युरेनियमच्या किरणांनी पाण्याचे विघटन होते आणि त्यातून सुटणाऱ्या हायड्रोजनवर तो निर्वाह करतो. आणि आपले कोयनानगर? ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी तेथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. वर सह्याद्रीचा काळा पत्थर, खाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट. त्या खडकांच्या नमुन्यांतही जिवाणूंच्या खुणा मिळाल्या. दगडासारखे निर्जीव, असे आपण म्हणतो!

२०१८ मध्ये काही शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरील सर्व जीवांच्या वजनाचा अंदाज, त्यांच्यातील कार्बन मोजून, प्रसिद्ध केला. एकूण सुमारे ५५० अब्ज टन. त्यांत वनस्पती ४५०, जिवाणू ७०, सर्व प्राणी मिळून २, आणि आपण माणसे ०.०६. म्हणजे दहा हजारांत एक भाग. पण आपली गुरे-डुकरे आपल्याहूनही जड, सुमारे ०.१, आणि रानातले सर्व सस्तन प्राणी मिळून केवळ ०.००७. घरातले सर्वांत धाकटे लेकरू, आणि पाहा त्याने घरात काय उलथापालथ केली आहे.

पण मनुष्याला सर्व प्राण्यांवर सत्ता दिली आहे ना? अण्णांनी मला हेच विचारले, आणि हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. सत्ता दिली आहे, हे त्याच अध्यायात आहे. पण त्याच अध्यायात हेही आहे की समुद्रातल्या जीवांना आशीर्वाद मिळाला तो पाचव्या दिवशी, मनुष्य अजून जन्मलाही नव्हता तेव्हा. ते चांगले आहेत असा निर्वाळा देताना आपल्याला कोणी विचारले नव्हते. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देव त्या दुःखी माणसाला त्याच्या दुःखाचे कारण सांगत नाही. तर जेथे एकही मनुष्य राहत नाही अशा रानावर पाऊस कोण पाडतो, असे विचारतो. तरुणपणी मला हे उत्तर टाळाटाळीचे वाटे. आता असे वाटते की ईयोबाला एवढेच दाखवायचे होते: तुझ्या उपयोगाचे नाही, तुझ्या दृष्टीस पडत नाही, तेथेही माझे काम चालू आहे.

आणि हा प्रश्न केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही. हिंदी महासागराच्या तळाशी असेच गरम झरे आहेत. २०२४ च्या डिसेंबरात गोव्यातील वास्को येथील ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची महासागर तंत्रज्ञान संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवरच्या अशा एका झऱ्याचे छायाचित्र मिळविले. या झऱ्यांभोवती तांबे, जस्त, थोडे सोनेही साचते. २०१६ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार करून दहा हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात या खनिजांच्या शोधाचा हक्क मिळविला. इतर देशांनीही असे हक्क घेतले आहेत. याच महासागरात २००१ मध्ये एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले आहेत आणि त्यांवर लोह व गंधकाचे कवच. २०१९ मध्ये ती धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत गेली. समुद्रतळावरील खाणकामाच्या भीतीमुळे त्या यादीत गेलेली ती पहिली जात. तेव्हा ती फक्त तीन ठिकाणी माहीत होती, आणि तिन्ही मिळून तिची वस्ती किती? सुमारे पाच एकर. आपल्याकडे एखाद्या बऱ्या शेतकऱ्याची जमीन असते तेवढी. त्यांतील दोन ठिकाणे शोधाच्या परवान्यांखाली होती.

तांबे मला नको असे मी म्हणू शकत नाही. ज्या ध्वनिक्षेपकावरून मी उपदेश करतो त्याच्या तारा तांब्याच्याच आहेत. विहीर बुजवली तीही सर्वस्वी चूक होती असे मी आज म्हणणार नाही. त्या वृद्ध बाई आता आवारातच रिक्षातून उतरतात. माझी चूक दुसरी आहे. ‘आम्हांला गरज आहे’ असे म्हणणे आणि ‘तिथे काही नाही’ असे म्हणणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिले म्हणणारा माणूस किंमत मोजतो, निदान ती आहे हे कबूल करतो. दुसरे म्हणणारा फुकट घेतो. आमची गरज खरी होती. मग आम्ही खोटे का बोललो? एक दोर, एक टोपली, अर्ध्या तासाचे काम होते.

गोगलगायीचे मात्र तसे नाही. तिला टोपलीत घालून दुसऱ्या विहिरीत सोडता येत नाही. तो झरा गेला की ती गेली. तेथे गरज खरी आहे एवढे पुरेल काय? मला वाटते, पुरणार नाही. भुकेल्याची भाकर असेल तर मी विचार करीन. दर दोन वर्षांनी बदलायच्या मोबाइलसाठी असेल तर माझा हात यावेळी खाली राहील. याहून नेमकी रेघ मला ओढता येत नाही, आणि कोणाला येत असेल तर त्याने अवश्य लिहावे.

त्या मुलाला मी दोन रविवार टाळले. तिसऱ्या रविवारी वर्गासमोर उभा राहून सांगितले की कासवाला कोणी बाहेर काढले नव्हते. कोणी पाहिलेच नव्हते, मीही नाही.

तो म्हणाला, “मला ठाऊक होतं, काका. पहिली गाडी आली तेव्हा मी कंपाउंडच्या भिंतीवर बसलो होतो. कुणीच वाकून बघितलं नाही.”