शास्त्राधार आणि जबाबदारी

लक्षण आधीं कीं लक्ष्य आधीं, हा प्रश्न आपल्या साहित्यविचारांत फार जुना आहे. कवि लिहितो आणि मागाहून शास्त्रकार त्याच्या कृतींतून नियम शोधून काढतो, हा सामान्य क्रम होय. परंतु ह्याच्या उलट क्रमाचेंही एक प्रसिद्ध उदाहरण आपल्याकडे आहे. सुमारें सातव्या शतकांत भट्टीनें 'रावणवध' हें बावीस सर्गांचें महाकाव्य रचलें, तें जितकें रामकथेसाठीं तितकेंच पाणिनीच्या व्याकरणासाठीं. कोठें क्रियापदांचीं रूपें, तर दहाव्या सर्गांत अलंकारांचीं उदाहरणें, अशी त्याची मांडणी आहे. अखेरीस तो स्वतःच सांगून टाकतो कीं, ज्यास व्याकरणाची दृष्टि आहे त्यास हें काव्य दिव्यासारखें आहे. ज्यास ती नाहीं त्याची गति आंधळ्यानें हातांनीं चाचपडल्यासारखी होईल. ह्या काव्याच्या गोडीविषयीं रसिकांत मतभेद असोत; पण आपण काय करीत आहों हें भट्टीनें लपविलें नाहीं, एवढें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे.

भट्टीची आठवण होण्यास कारण झाला तो मात्र एक अगदीं आधुनिक प्रकार. इंग्लंडांत सोळा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना 'मीडिया स्टडीज' म्हणून एक विषय घेतां येतो. त्यांत वृत्तपत्रें, चित्रपट, जाहिराती इत्यादि माध्यमांचा अभ्यास असतो, आणि त्याबरोबर विद्यार्थ्यानें स्वतः कांहीं निर्माण करून दाखवावें अशीही अपेक्षा असते. ज्यास 'म्युझिक व्हिडिओ' म्हणतात, म्हणजे ध्वनिमुद्रित गाण्यास जोडलेलें तीन-चार मिनिटांचें चलच्चित्र, तें करण्याचा पर्याय विद्यार्थ्यांना विशेष आवडतो. ह्या लेखापुरतें आम्ही त्यास गीतचित्र म्हणूं. २००८ सालीं सुरू झालेल्या 'ओसीआर' परीक्षामंडळाच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यानें आपल्याच कृतीस एखादा सिद्धान्त लावून दाखवावा असा प्रश्न लेखी परीक्षेंत असे. २०१७ पासून शिकविल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांत कॅमेरा हातीं घेण्यापूर्वींच सुमारें ५०० शब्दांचें हेतुपत्र लिहून द्यावें लागतें. म्हणजे शास्त्र पूर्वीं वरातीमागून येई, तें आतां वरातीच्या पुढें चालूं लागलें. ही सुधारणाच आहे, असें आम्हांस वाटतें. पण पुढें चालणारा वाट दाखवितो कीं नुसती ललकारी देतो, हें पाहणें अवश्य आहे.

गीतचित्राची आंखणी करतांना ज्या ग्रंथाचा आधार बहुधा घेतला जातो, तो अँड्र्यू गुडविन यांचा 'डान्सिंग इन द डिस्ट्रॅक्शन फॅक्टरी' हा १९९२ सालचा ग्रंथ होय. गुडविन यांची मुख्य तक्रार अशी कीं, संगीताच्या दूरचित्रवाणीवर लिहिणाऱ्या विद्वानांनीं डोळे उघडे ठेवले, पण कान मिटून घेतले. त्यांनीं चित्रांचे तुकडे पाहिले, कथेचा अभाव पाहिला, आणि ह्या सर्वांच्या खालीं एक गाणें चाललें आहे, त्याला धृपद आहे, ताल आहे, पुनरावृत्ति आहे, हें ते विसरले. चित्र कधीं गाण्याचा आशय दाखवितें, कधीं तो वाढवितें, कधीं त्याच्याशीं फारकत घेतें. परंतु गाण्यावांचून चित्राचा अर्थच लागत नाहीं, हें ह्या ग्रंथाचें मर्म.

ह्या ग्रंथाचें वर्गांत काय होतें? त्याची पांच-सहा कलमांची यादी होते. गाण्याच्या जातीचे ठरलेले संकेत असावेत. शब्द व चित्र यांचें नातें असावें. संगीत व चित्र यांचें नातें असावें. ध्वनिमुद्रण-कंपनीस हवे असतात तसे गायकाचे क्लोज-अप असावेत. अन्य कृतींचे उल्लेख असावेत. आणि 'पाहण्याची क्रिया', विशेषतः स्त्रीदेहाकडे पाहण्याची, असावी. मूळ ग्रंथांत जें निरीक्षण होतें तें यादींत आज्ञा होऊन बसतें. 'असें आढळतें' याचें 'असें असावें' झालें, कीं शास्त्राचें रूपच पालटतें.

ह्या शेवटच्या कलमापाशीं आम्हांस थोडें थांबावयाचें आहे. कारण येथें प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाहीं, तो नीतीचा होतो. पाहण्याच्या ह्या विषयावर लॉरा मल्व्ही यांचा निबंध १९७५ सालीं 'स्क्रीन' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. हॉलिवुडच्या चित्रपटांत कॅमेऱ्याची दृष्टि, कथानायकाची दृष्टि आणि प्रेक्षकाची दृष्टि ह्या तिन्ही मिळून एका पुरुषाची दृष्टि होते, आणि स्त्री ही पाहणारी न राहतां पाहिली जाणारी वस्तु बनते, असें त्यांनीं दाखविलें. त्या सुखाचें पृथक्करण करून तें मोडावें, हा त्यांचा उघड हेतु होता.

आतां एक चार विद्यार्थ्यांची तुकडी कल्पूं या. गाणें विरहाचें आहे. खिडकींत उभी असलेली एक मुलगी दाखवावयाची ठरलें आहे, आणि त्यासाठीं वर्गांतलीच एक मैत्रीण तयार झाली आहे. हेतुपत्रांत ते लिहितात: 'ह्या ठिकाणीं आम्ही मल्व्ही यांच्या सिद्धान्ताचा उपयोग केला असून, कॅमेरा मुलीच्या पायांपासून हळूहळू वर नेला आहे, त्यामुळें तरुण पुरुषवर्ग आकृष्ट होईल.' ह्या एका वाक्यांत केवढा अनर्थ झाला आहे, पाहा! वैद्यानें ज्वराचें वर्णन लिहून ठेवावें आणि वाचणारानें तें ज्वर आणण्याची कृति म्हणून वापरावें, तसें हें झालें. वाक्यांत नांव बरोबर आहे, सालही बरोबर असेल, पारिभाषिक शब्दही जागच्या जागीं आहे. आणि तरीही ज्या गोष्टीच्या विरुद्ध तो निबंध लिहिला गेला, तीच गोष्ट त्याच्या नांवावर केली जात आहे.

कोणी म्हणेल, हीं परीक्षेचीं मुलें. ज्ञान दाखविण्यासाठीं लिहितात, त्यांच्यावर एवढा नीतीचा भार कशाला? परंतु हेतुपत्र तपासून बाजूस पडतें, चित्र मात्र मागें राहतें. त्यांत जी मुलगी उभी राहिली, ती सिद्धान्त नव्हे; ती त्यांच्याच बाकावर बसणारी मैत्रीण आहे. तिनें 'होय' म्हटलें तें मैत्रीखातर. कॅमेरा कोठून कोठें जाणार हें तिला सांगितलें होतें काय? अज्ञानानें जो असें चित्र घेतो त्यास आपण समजावून सांगूं. पण ह्या दृष्टीचें स्वरूप वाचून, समजून, तिला नांव देऊन जो ती वापरतो, त्याची जबाबदारी ज्ञानानें कमी होत नाहीं, वाढते. शास्त्राधार हें प्रायश्चित्त नव्हे.

मग शास्त्रच टाकून द्यावें आणि मुलांनीं अंतःस्फूर्तीनें चित्र घ्यावें, असा दुसरा पक्ष पुढें येतो. हा पक्ष ऐकावयास गोड आहे, पण आम्हांस तो पटत नाहीं. अमेरिकेंत १ ऑगस्ट १९८१ रोजीं 'एमटीव्ही' ही वाहिनी सुरू झाली, तेव्हांपासून गीतचित्रांचा जो पूर वाहत आहे, त्यांत हीं मुलें जन्मापासून न्हालेलीं आहेत. त्यांची स्फूर्ति म्हणजे बहुतेक त्यांची स्मृति असते. फक्त तिचा उगम त्यांस आठवत नाहीं. पायांपासून वर जाणारा कॅमेरा मल्व्ही वाचून कोणास सुचलेला नाहीं. तो आधींच डोळ्यांत बसलेला होता, आणि शास्त्रानें त्यास नुसतें नांव दिलें. ज्यानें शास्त्र कधींच वाचलें नाहीं, तो शास्त्रापासून मुक्त नसतो. तो न तपासलेल्या शास्त्राचा दास असतो. तेव्हां सिद्धान्त हवाच. पण तो हात चालविण्यासाठीं नव्हे. चाललेला हात क्षणभर थांबविण्यासाठीं.

आणखी एक बचाव ऐकूं येतो. स्टुअर्ट हॉल यांनीं १९७३ सालीं असें मांडलें कीं, प्रेषकानें घातलेला अर्थ प्रेक्षक जसाच्या तसा घेतो असें नाहीं. तो कोणी मान्य करतो, कोणी त्याच्याशीं तडजोड करतो, कोणी त्याच्या उलट अर्थ लावतो. ह्यावरून कोणी म्हणतात, प्रेक्षक जर इतका स्वतंत्र आहे, तर निर्मात्यानें एवढी चिंता कां करावी? पण प्रेक्षकाचें स्वातंत्र्य हें प्रेक्षकाचें भूषण आहे. प्रेषकाची ती सुटका नव्हे. आपलें बोलणें ऐकणारानें शहाणपणानें ऐकलें, म्हणून आपण वाटेल तें बोलावें असें होत नाहीं. बेल हूक्स यांनीं १९९२ सालीं ह्याच विचाराची दुसरी बाजू दाखविली. कृष्णवर्णीय स्त्रिया चित्रपट पाहतांना केवळ निमूटपणें पाहत नव्हत्या. त्या उलट नजर देत होत्या. आणि मल्व्हींच्या सिद्धान्तांत ह्या स्त्रियांना जागाच नव्हती. म्हणजे सिद्धान्तालाही प्रश्न विचारतां येतो, आणि विचारावा लागतो. ज्यास आपण आधार म्हणून टेकलों, तोही उभाच आहे कीं नाहीं, हें वळून पाहावें लागतें.

शास्त्राचा योग्य उपयोग कसा असतो, हें मल्व्ही यांनीं स्वतःच करून दाखविलें आहे. पीटर वोलेन यांच्यासह त्यांनीं १९७७ सालीं 'रिडल्स ऑफ द स्फिंक्स' हा चित्रपट काढला. त्यांत एका आईची कथा तेरा दृश्यांत येते, आणि प्रत्येक दृश्यांत कॅमेरा सावकाश पूर्ण वर्तुळ फिरतो. तो कोणाचा पाठलाग करीत नाहीं, कोणाच्या अंगावर रेंगाळत नाहीं. स्वयंपाकघर, मूल, कामाची जागा, सगळ्यांवरून सारख्याच गतीनें जातो. हा चित्रपट सर्वांस रुचेल असें नाहीं. तो कष्टानें पाहावा लागतो. परंतु येथें सिद्धान्त दाखल्यासारखा चिकटविलेला नाहीं. पूर्वींची वाट बंद केल्यावर दुसरी कोणती उरते, ह्या प्रश्नाचें तें उत्तर आहे.

आपल्या चार विद्यार्थ्यांनाही हें अशक्य नाहीं. त्यांनीं कागदावर कॅमेऱ्याची वाट काढावी आणि प्रत्येक ठिकाणीं तीन साधे प्रश्न विचारावे: येथें कोण पाहत आहे? ज्याच्याकडे पाहिलें जातें त्यास हें ठाऊक आहे काय? गाण्यास हें हवें आहे काय? तिसरा प्रश्न गुडविन यांच्याकडून घेतलेला आहे, आणि पुष्कळदां तोच पहिल्या दोहोंची सोडवणूक करतो. गाणें लक्ष देऊन ऐकलें, तर कदाचित् असें आढळेल कीं, ज्या ठिकाणीं कॅमेरा वर न्यावयाचा होता तेथें वाद्यें थांबतात आणि एकटा आवाज उरतो. तेथें हालचाल नकोच आहे. मुलीनें खिडकींतून बाहेर पाहावें आणि ती काय पाहते तें आपणांस दिसावें, एवढें पुरे आहे. पाहिली जाणारी मुलगी तेथें पाहणारी झाली. हें चित्र पहिल्याइतकें चमकदार होणार नाहीं; कंपनीच्या जाहिरातींत शोभणार नाहीं; परंतु तें गाण्याचें असेल, आणि मैत्रिणीला तें आपल्या घरच्यांबरोबर बसून पाहतां येईल. ही शेवटची कसोटी कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नाहीं, पण आम्ही तिला फार मान देतों.

मग हेतुपत्रांत काय लिहावें? जें झालें तेंच लिहावें. 'आम्ही प्रथम अमुक योजिलें होतें. कां, तर तसें पाहण्याची आमच्या डोळ्यांस संवय होती. हा निबंध वाचल्यावर तें सोडलें.' अशा वाक्यास गुण किती मिळतील, हा परीक्षकांचा प्रश्न आहे. परंतु विद्यार्थी कांहीं शिकला याचा ह्याहून चांगला पुरावा आम्हांस सुचत नाहीं. परीक्षेची पद्धत मात्र नांवांच्या संख्येस भुलते आणि सोडून दिलेल्या योजनेची किंमत करीत नाहीं; त्यामुळें मुलें दाखले गोळा करतात. हा दोष मुलांचा नव्हे.

आणि तो केवळ मुलांतच आहे असेंही नव्हे. आम्ही ह्या पृष्ठांत ग्रंथपरीक्षणें लिहितों, तेव्हां एखादें पुस्तक आवडलें किंवा नावडलें हें आधीं ठरतें, आणि मग रस, ध्वनि, औचित्य यांपैकीं जें हातीं लागेल तें त्याच्या समर्थनार्थ पुढें उभें केलें जातें. कितीदां तरी आम्हीं असें केलें आहे. विद्यार्थ्याच्या त्या वाक्यास हंसण्यापूर्वीं हें आठवणें आम्हांस भाग आहे. अशा वेळीं भट्टीचा प्रांजलपणा मोठा वाटतो. त्यानें व्याकरणासाठीं काव्य लिहिलें आणि तसें सांगितलें. आम्ही शास्त्राचें नांव घेऊन आपल्या आवडीचें केलें, तर तेंही सांगण्याचें धैर्य आमच्या अंगीं असावें. आणि तें सांगतांना लाज वाटूं लागली, तर लेखणी तेथेंच थांबवावी. त्या चौघांनीं कॅमेरा थांबविला, तसाच.