इल्मची अमानत

आमच्या उर्दू शाळेतून दहावी झालेली एक मुलगी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे. ईदला सलाम करायला घरी आली. जाता जाता म्हणाली, "सर, तीन वर्षं झाली. प्रयोगशाळेत मन लागत नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या मुली आठवीनंतर गणित-विज्ञानाला का घाबरतात, हे मला शोधायचंय. त्यासाठी पुन्हा एम.ए.पासून सुरुवात करावी लागली तरी चालेल. हे सोडू का?"

मी पटकन म्हणालो, "वेडी आहेस का? आधी पूर्ण कर."

ती गप्प झाली. ती गेल्यावर मात्र मला माझीच लाज वाटली. मी तिचा विचार केलाच नव्हता. 'आमच्या शाळेची पहिली डॉक्टर मुलगी' हे वाक्य मला गॅदरिंगच्या भाषणात बोलायचं होतं!

हाती घेतलेलं काम अर्ध्यावर सोडू नये, असं आपण मुलांना शिकवतो. ते खरंही आहे. संशोधन ही अमानत असते. त्यात मार्गदर्शकाचा वेळ असतो, फेलोशिपचा पैसा असतो, वालिदांनी मारलेली पोटं असतात. पण केवळ तीन वर्षं गेली म्हणून आणखी तीन घालवायची, याला अमानत सांभाळणं म्हणायचं का? गेलेली वर्षं दोन्ही वाटांनी गेलेलीच आहेत.

फ्रान्सिस क्रिक लंडनमध्ये पाण्याच्या चिकटपणावर पीएच.डी. करत होते. महायुद्धात बॉम्ब पडून त्यांचं उपकरण नष्ट झालं. 1947 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते भौतिकशास्त्रातून जीवशास्त्राकडे वळले. 1953 मध्ये वॉटसनबरोबर त्यांनी डीएनएची रचना मांडली, पीएच.डी. त्यानंतर, 1954 मध्ये मिळाली. मात्र असे दाखले जपून द्यावेत. वाट बदलून जे हरवले, त्यांची नावं पुस्तकात येत नाहीत.

म्हणून यशापेक्षा नियत तपासावी. इमाम गझाली बगदादच्या निजामिया मदरशाचे नामांकित उस्ताद होते. आपल्या शिकवण्यामागे अल्लाहची रजा नसून मानमरातबाची ओढ आहे, हे त्यांना जाणवलं. जीभ अडखळू लागली, शिकवणं बंद पडलं. 1095 साली त्यांनी ते पद सोडलं. लोकांना मात्र मक्केला जातो असं सांगितलं. मनात शामला जायचं होतं. एवढ्या मोठ्या आलिमालाही खरं कारण उघड सांगणं जड गेलं!

तिथे आमच्या मुलीची काय कथा?

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. "बेटा, काल मी माझ्यासाठी बोललो. कामाचा कंटाळा आलाय की दुसरा प्रश्न खरोखर झोपू देत नाही, हे आधी स्वतःला विचार. दुसरं असेल तर मार्गदर्शकांना आणि अब्बांना स्वतः जाऊन सांग. आजवरच्या प्रयोगांच्या नोंदी नीट लिहून त्यांच्या हाती दे. मग जा."

विषय बदलणं ही खयानत नाही. मन उठलेलं असताना ते लपवून नुसत्या पदवीसाठी बसून राहणं, ही मात्र आहे. आणि ती करायला आम्ही उस्तादच कधी कधी भाग पाडतो.