गल्ल्यावर बसण्याआधी



मुलाने किंवा मुलीने आपला धंदा पुढे चालवावा, ही आईवडिलांची जुनी इच्छा असते. आपल्या वसई भागात हार्डवेअरचे दुकान असो, बेकरी असो, केटरिंग असो की फर्निचरचा कारखाना. दुकानाच्या पाटीवर 'अँड सन्स' ही अक्षरे चढली की बापाचा ऊर भरून येतो. पण कधी कधी त्या पाटीमागे एक गोष्ट दडलेली असते. नोकरीच्या काळात मुलाने क्रेडिट कार्डावर खर्च केलेला असतो, मोबाइलच्या ॲपवरून कर्ज उचललेले असते, मित्रांकडून हातउसने घेतलेले असतात. घरी कुणालाच पत्ता नसतो. आता नोकरी सोडून तो घरच्या धंद्यात यायचे म्हणतो. भागीदारीच्या कागदावर सही करण्याआधी त्याने हे कर्ज वडिलांना सांगितलेच पाहिजे का?

'सांगायलाच हवे, त्यात विचारायचे काय?' असे आपण पटकन म्हणू. परंतु जरा थांबून विचार करू या. मिळवत्या मुलाचे स्वतःचे आयुष्य असते. त्याने पगारातून काय घेतले, कुठे फसला, हे सारे वडिलांच्या कानावर घालण्याचे बंधन त्याच्यावर नाही. ख्रिस्तसभेची शिकवणही प्रत्येक सत्य प्रत्येकाला सांगत सुटावे अशी नाही. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात आठव्या आज्ञेचे विवरण आहे. सत्य जाणून घेण्याचा हक्क बिनशर्त नसतो. ज्याला तो हक्क नाही त्याच्यापुढे गुपित उघडण्याची सक्ती नाही, असा त्यातील एका भागाचा आशय आहे. म्हणून आपला प्रश्न नेमका असा होतो: वडिलांना हे जाणून घेण्याचा हक्क आहे का, आणि असल्यास तो कधीपासून?

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी 44 साली रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो एका व्यापाऱ्याचे उदाहरण घेतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. व्यापारी धान्याचे जहाज घेऊन तिथे पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत, हे फक्त त्याला ठाऊक आहे. ते त्याने गिऱ्हाइकांना सांगावे का? गप्प राहणे म्हणजे लपवणे नव्हे, असे एक पक्ष म्हणतो. सिसेरोला ते पटत नाही. जी गोष्ट दुसऱ्याने जाणणे त्याच्या हिताचे आहे, तीच आपल्या फायद्यासाठी त्याच्यापासून दूर ठेवणे म्हणजे लपवणे, असे तो ठरवतो.

पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी विकणाऱ्याच्या कर्तव्याचा विचार केला. घोड्याला एकच डोळा आहे हे गिऱ्हाइकाला दिसतेच, ते वेगळे सांगावे लागत नाही. मात्र दोष आतला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याला नुकसान किंवा धोका पोहोचणार असेल, तर तो सांगितलाच पाहिजे.

मुलगा वडिलांना काही विकत नाही, हे खरे. पण भागीदार होताना तो आपले नाव त्यांच्या नावाशेजारी मांडतो. धंद्यात नावालाच किंमत असते. होलसेलवाला उधारीवर माल देतो तो वडिलांच्या पतीवर, आणि ती पत उभी करण्यात त्यांची तीस-चाळीस वर्षे गेलेली असतात. शेजारी बसणाऱ्या नावाला आतून कीड लागली असेल, तर ते त्यांना दिसणार कसे?

कायदाही हेच पाहतो. 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे भागीदारांनी एकमेकांशी न्यायाने व निष्ठेने वागायचे असते आणि पेढीवर परिणाम करणाऱ्या गोष्टींची पूर्ण माहिती एकमेकांना द्यायची असते. एकाचे खासगी कर्ज हे पेढीचे कर्ज होत नाही. तरीही देणेकऱ्याविरुद्ध न्यायालयाचा हुकूमनामा झाला, तर त्याच्या पेढीतील हिश्श्यावर आणि नफ्यावर बोजा चढू शकतो. शिवाय धंद्यासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँक सहसा भागीदारांचा सिबिल अहवाल पाहते. जे मुलाने जेवणाच्या टेबलावर सांगितले नाही, ते वडिलांनी बँकेच्या साहेबाच्या तोंडून ऐकावे, यापेक्षा मोठा अपमान कोणता?

म्हणून आम्हांला वाटते, की बाप म्हणून नसेल, पण भागीदार म्हणून वडिलांचा हक्क सहीच्या आधीच सुरू होतो. माहिती न देता मिळवलेला होकार हा खरा होकार नव्हे. त्यांनी 'हो' म्हटले ते वेगळ्याच मुलाला. आणि त्या गल्ल्यावर फक्त त्यांचेच पोट नसते. आईचे म्हातारपण, बहिणीचे लग्न, धाकट्याचे शिक्षण, दुकानातल्या कामगारांचा पगार, सारे त्यातूनच जाते.

न सांगण्याची कारणे आपण सगळे ओळखतो. 'पप्पांना बीपी आहे, सहन होणार नाही.' काळजी खरी असेल, तर वेळ आणि पद्धत बदलावी. मोठ्या बहिणीला किंवा काकांना सोबत बसवावे. परंतु वसुलीवाला दुकानाच्या पायरीवर उभा राहिला म्हणजे बीपी वाढणार नाही काय? 'मी धंद्यातल्या माझ्या हिश्श्यातून हळूहळू फेडीन, कुणाला कळणारही नाही.' इथे धोका अधिक आहे. हप्त्याची तारीख आली आणि हिस्सा पुरला नाही, तर हात गल्ल्यात जातो. आधी उसने म्हणून, नंतर सवयीने. लपवलेले कर्ज अशा रीतीने चोरीच्या उंबरठ्यावर आणून सोडते. शिवाय थांबणे महागही पडते. समजा कार्डावर 2,00,000 रुपये थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. काहीच भरले नाही, तर व्याजावर व्याज चढून वर्षभरात ते 3,00,000 च्या वर जातात.

काही घरांत आईला सारे ठाऊक असते आणि तीच म्हणते, 'पप्पांना बोलू नकोस, मी बघते.' त्या माउलीची माया आम्ही जाणतो. पण दागिने गहाण ठेवून झाकलेले कर्ज मुलाला वाचवत नाही. ते नवऱ्याला एकटे पाडते.

सांगायचे ठरले, तर अर्धे सांगू नये. एका कागदावर लिहावे: कोणाचे देणे, किती, व्याज काय, हप्ता कोणत्या तारखेला, जामीन कोण राहिला आहे. जामिनाचे नाव मुळीच वगळू नये, कारण कर्जदार चुकला तर देणे त्याच्या अंगावर येते. आणि सांगणे म्हणजे 'तुम्ही फेडा' म्हणणे नव्हे. फेडण्याचा स्वतःचा बेत सोबत न्यावा. वडिलांनी 'वर्षभर थांब, आधी हे मिटव, मग ये' असे म्हटले, तर तेही ऐकायची तयारी ठेवावी. नकार देण्याची मोकळीक वडिलांना नसेल, तर त्या सांगण्याला अर्थ राहत नाही.

पालकांनाही दोन शब्द. मुलगा का बोलला नाही, हे स्वतःला विचारावे. शेजाऱ्याच्या मुलाचे कर्ज ऐकून आपण जेवताना काय काय बोललो होतो, ते त्याने ऐकलेले असते. दुसरे असे, की वह्या दोन्ही बाजूंनी उघडाव्या लागतात. तोबीतच्या ग्रंथात म्हातारा बाप मुलाला जवळ बोलावून दूर देशी ठेवलेल्या चांदीची हकिगत सांगतो आणि व्यवहाराचा कागदही त्याच्या हाती देतो. आपण येणे सांगतो, देणे सांगतो का? दुकानावर किती उधारी आहे, कोणती नोटीस आलेली आहे, घर तारण आहे का, हे जाणून घेण्याचा हक्क आत येणाऱ्या मुलालाही आहे.

शेवटी एक गोष्ट. प्रायश्चित्त संस्कारात धर्मगुरूंना सारे सांगून मन हलके होते आणि देवाची क्षमा मिळते. ते गुपित धर्मगुरूंकडून कधीही बाहेर जात नाही. पण म्हणूनच ते वडिलांपर्यंतही पोहोचत नाही. झालेले नुकसान शक्य तेवढे भरून काढणे हे आपल्याकडेच उरते. ज्या तरुणांच्या घरी येत्या काही दिवसांत भागीदारीचा कागद तयार होणार आहे, त्यांनी तो वकिलाकडे जाण्याआधी एक संध्याकाळ मोकळी ठेवावी. आणि त्या संध्याकाळी आईवडिलांनी आधी पूर्ण ऐकून घ्यावे, मग बोलावे.