बोटांना लागलेली गाठ

बालाघाटच्या डोंगरात, नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेवर एक वाडी होती. तिच्या एका अंगाला मुखेड तालुका, दुसऱ्या अंगाला जळकोट. मोठा दवाखाना गाठायचा तर नांदेडही लांब आणि लातूरही लांब.

त्या वाडीत एक म्हातारा राहत होता. थोडी कोरडवाहू जमीन, तीत ज्वारी आणि तूर, दारात दोन शेळ्या. त्याला शुगर होती. गोळ्यांनी भागेना तेव्हा इन्सुलिन लागलं. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी तो आपल्या हातानं सुई टोचून घ्यायचा. घरात फ्रिज नव्हता, म्हणून बाटली ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात ठेवायचा. पथ्यही पाळायचा. एकादशीला सगळं घर साबुदाणा खायचं, तेव्हा हा भगर खायचा, तीही मोजून.

तरी शुगर ताब्यात येईना. एखाद्या सकाळी ती ३०० च्या वर असायची. एखाद्या दुपारी शेतातच घाम फुटायचा, हात थरथरायचे, डोळ्यांपुढं अंधारी यायची. सून गूळपाणी घेऊन धावायची. मग लेक मजुरी बुडवून त्याला शहरात न्यायचा. डॉक्टर बदलले, पिशवीतले कागद वाढले. शुगर चढलेली दिसली की जो तो डोस वाढवून द्यायचा.

शेजारच्या गावात आरोग्य उपकेंद्र होतं. तिथं एक तरुण सिस्टर नव्यानं रुजू झाली होती. आशाताईनं तिच्या कानावर म्हाताऱ्याची गोष्ट घातली. सिस्टर म्हणाली, "त्यांना इकडं घेऊन या. आपण इथूनच मोठ्या डॉक्टरांशी बोलू."

सरकारची ई-संजीवनी सेवा २०१९ पासून सुरू होती. पेशंटनं गावातल्या केंद्रात बसायचं आणि पडद्यावरून दूरच्या डॉक्टरांशी बोलायचं. पैसे पडत नव्हते. म्हातारा आला, पण मनातून नाराज होता. "नाडी न धरता डॉक्टर काय सांगणार, माय?" तो पुटपुटला.

रेंज येत-जात होती. सिस्टरनं खुर्ची खिडकीपाशी ओढली, तेव्हा कुठं पडद्यावर डॉक्टरांचा चेहरा स्थिर झाला. ते शुगरचे तज्ज्ञ होते. त्यांनी सगळे कागद एकेक करून पाहिले. काय खाता, किती वाजता खाता, बाटली कुठं ठेवता, सारं विचारलं. कशातच चूक सापडेना. शेवटी त्यांनी विचारलं, "बाबा, सुई कुठं टोचता?"

म्हाताऱ्यानं सदरा वर केला आणि बेंबीच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. "इथंच. रोज इथंच. इथं दुखत नाही बघा."

डॉक्टर थोडं पुढं झुकले. पडद्यावर त्यांना साधं पोट दिसत होतं. ते म्हणाले, "सिस्टर, मला इथून काही कळत नाही. तुम्ही त्या जागेवर बोटं फिरवा आणि काय लागतं ते सांगा."

सिस्टरनं हात धुतले आणि सावकाश बोटं फिरवली. मग उजव्या बाजूला फिरवली, पुन्हा डावीकडं आणली. "सर, कातडीखाली गाठ आहे. लिंबाएवढी. दाबली तर रबरासारखी लागते."

"सापडलं," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी समजावून सांगितलं. एकाच जागी वर्षानुवर्षं सुई टोचली की तिथली चरबी वाढून गाठ होते. गाठीत दुखणं कमी, म्हणून माणूस पुन्हा तिथंच टोचतो. पण गाठीतलं इन्सुलिन अंगात धड भिनत नाही. एक दिवस कमी उतरतं, एक दिवस एकदम उतरतं. "आता त्या जागेला सुई लावायची नाही. पोटाच्या दुसऱ्या बाजूला, मांडीवर, रोज जागा बदलून टोचायची. आणि डोस कमी करायचा."

म्हातारा चमकला. "आजवर सगळ्यांनी वाढवला की!"

"चांगल्या जागेतून औषध पुरतं उतरेल. तोच डोस ठेवला तर शुगर फार खाली जाईल. काही दिवस रोज तपासावी लागेल."

ते काम आशाताईनं अंगावर घेतलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी शुगर ५८ भरली. तिनं लगेच साखरपाणी दिलं, पाव तासानं पुन्हा मोजली आणि सिस्टरला फोन लावला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर डॉक्टरांनी डोस आणखी उतरवला. हळूहळू आकडे ठिकाणावर येऊ लागले. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी झाली, तेव्हा ११ चा आकडा ८ वर आला होता. त्या पावसाळ्यात म्हाताऱ्याला शेतात एकदाही अंधारी आली नाही.

पुढच्या खेपेला तो पडद्यापुढं हात जोडून म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही शेकडो कोसांवरून माझी गाठ पकडली."

डॉक्टर हसले. "मी कुठं पकडली, बाबा? ती सिस्टरच्या बोटांना लागली."

सिस्टर म्हणाली, "सरांनी सांगितलं नसतं तर मी तिथं हात तरी कशाला फिरवला असता?"

म्हाताऱ्यानं दोघांकडं पाहिलं. "आणि मी मेला चार वर्षं रोज तिथंच टोचत होतो, पण कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही!" मग तिघंही हसले.

पडदा शहाणपण लांबवर पोचवतो, पण त्याला स्पर्श कळत नाही. हे त्या डॉक्टरांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दुसऱ्याचा हात मागितला. आपल्याला काय दिसत नाही हे ओळखून जो जवळच्या माणसाला विचारतो, त्याचंच ज्ञान दूरच्या माणसाच्या कामी येतं.