दुसरी कन्या जन्मली त्या दिवशी



आमच्या अकोटात एखाद्या घरी मूल जन्मले की बाळाच्या कानात अजान देण्यासाठी इमामाला बोलावणे येते. वास्तविक ही अजान पित्याने स्वतः द्यावी. त्यासाठी इमामाची आवश्यकता नाही. तरीही बोलावणे येते आणि मी आनंदाने जातो. पहिल्या अपत्याच्या वेळी, मग ती मुलगी का असेना, निरोप देणाऱ्याचा आवाज चढा असतो. ‘पहिली बेटी रहमत’ असे म्हणत मिठाई वाटली जाते. दुसऱ्या खेपेसही कन्याच झाली, तर तोच माणूस हळू आवाजात सांगतो, “इमामसाब, दुसरी बी पोरगीच झाली.” त्या ‘बी’मध्ये आणि त्या ‘च’मध्ये जे दडलेले असते, त्याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

त्या दिवशी घरात आणखी एक जीव असतो, ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. दोन-तीन वर्षांची थोरली मुलगी ओसरीत उभी असते. मोठ्यांची कुजबुज तिला कळत नाही, परंतु आजीचा चेहरा तिला वाचता येतो. शेजारीण येऊन ‘पुढच्या वेळी अल्लाह मुलगा देईल’ अशी समजूत घालते, तेव्हा समजूत घालण्यासारखे काहीतरी घडले आहे, एवढे त्या बालिकेला उमगते. तीही मुलगीच आहे. पहिलीच्या जन्माचा आपला आनंद खरा होता, की पुढच्या मुलाच्या आशेवर उसना आणलेला होता, याचा निकाल दुसरीच्या जन्मदिवशी लागतो, आणि तो निकाल थोरली ऐकत असते.

दिव्य कुरआनच्या सूरह नहलमध्ये अशा पित्याचे वर्णन आले आहे. कन्या झाल्याची वार्ता ऐकताच त्याचा चेहरा काळवंडतो आणि तो लोकांपासून तोंड लपवू लागतो. हे अज्ञानकाळातील अरबांविषयी आहे, असे म्हणून आपण पुढे जातो. परंतु प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात तो चेहरा मी आजही पाहतो. जुम्म्याला पहिल्या रांगेत बसणाऱ्यांतही पाहतो. सूरह शूरामध्ये अल्लाह अपत्यांना आपली देणगी म्हणतो आणि तेथे कन्यांचा उल्लेख पुत्रांच्या आधी येतो. भाष्यकारांनी या क्रमाकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. सूरह तकवीरमध्ये तर जिवंत पुरलेल्या मुलीलाच विचारले जाईल की तिला कोणत्या अपराधासाठी मारले गेले. गर्भातील मुलीलाही हेच लागू आहे. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा असूनही महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. या उणिवेत आपल्या समाजाचा वाटा अजिबात नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय?

आता तो हदीस ऐका, जो मला त्या व्हरांड्यात सांगावासा वाटतो. हजरत अनस (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये उल्लेख आहे की, जो दोन मुलींचे त्या वयात येईपर्यंत पालनपोषण करील, तो कयामतच्या दिवशी प्रेषित (स.) यांच्या इतका निकट असेल, असे सांगून त्यांनी आपली बोटे एकमेकांना जुळवून दाखविली. येथे संख्या दोन आहे. म्हणजे मान खाली घालून बसलेल्या त्या पित्यासाठी हे दार नेमके त्याच घटकेला उघडलेले असते. अट पालनपोषणाची आहे, हेही विसरू नये. थोरलीला शाळेत घातले आणि धाकटीच्या वेळी हात आखडला, तर ती अट कशी पुरी होणार?

जिनिंगमध्ये हमाली करणारा बाप दुसऱ्या मुलीच्या बातमीने गप्प होतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे दोन लग्नांचा खर्च असतो. त्याला केवळ आयती ऐकवून भागत नाही. ती धास्ती त्याच्या मनात कोणी घातली? शरीअतने महर वरावर ठेवला. मोटारसायकल, पलंग आणि दोनशे पानांचे जेवण मुलीच्या बापावर लादले ते आपण, नमाजी माणसांनी. ज्याने मुलाच्या लग्नात जहेज घेतला, त्याने दुसऱ्याच्या घरी कन्या झाल्यावर ‘रहमत आली’ म्हणून मुबारकबाद देण्याआधी विचार करावा.

आणि त्या मातेला दोष देणाऱ्यांनी तर लाज बाळगावी. ‘हिला मुलीच होतात’ हे वाक्य अज्ञानाचे आहे. मूल मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, आणि तेही पित्याच्या इच्छेने नव्हे. जी बाळंतपणाच्या यातनेतून नुकतीच उठली आहे, तिला तलाकची किंवा दुसऱ्या निकाहची धमकी देणारा पुरुष कोणत्या तोंडाने मशिदीत येतो?

प्रेषितांच्या घरी काय घडले, तेही पाहू. हजरत फातिमा (रजि.) यांना हिजरी सन ३ मध्ये हसन झाले आणि ४ मध्ये हुसैन. एकदा प्रेषित (स.) खुतबा देत असताना दोघे नातू लाल सदरे घालून अडखळत, पडत येताना दिसले. ते मिंबरवरून उतरले, दोघांना उचलले आणि आपल्यापुढे बसविले. उचलले ते दोघांना! पुढे जैनब आणि उम्मे कुलसूम या कन्या झाल्या. इमाम मालिक यांच्या मुअत्तामध्ये नोंद आहे की हजरत फातिमांनी हसन, हुसैन, जैनब आणि उम्मे कुलसूम या चौघांचेही जावळ तोलून तेवढी चांदी दान केली. मुलींसाठी वेगळा तराजू काढला नाही.

सहीह बुखारीत एका गरीब मातेचा प्रसंग आहे. ती दोन मुलींना घेऊन हजरत आयेशा (रजि.) यांच्या दारी आली. घरात देण्यासारखा एकच खजूर होता. मातेने त्याचे दोन भाग करून मुलींना दिले. स्वतः काही खाल्ले नाही. त्या गरिबीतही कोणती मुलगी आधीची आणि कोणती नंतरची, हा हिशेब तिने केला नाही.

नाव ठेवतानाही सावध असावे. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकोशी’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. आपल्याकडे असे नाव कोणी ठेवत नाही. परंतु धाकटीचे नाव ठरविण्याचा उत्साहच नसल्याने थोरलीच्या नावाशी यमक जुळवून ते उरकले जाते, हे मी पाहिले आहे. प्रेषितांनी ‘अवज्ञा करणारी’ अशा अर्थाचे नाव असलेल्या एका मुलीचे नाव बदलून ‘जमीला’ ठेवले होते. त्यांच्या अनुयायांनी कन्येच्या नावासाठी चार दिवस विचार करायला काय हरकत आहे?

सातव्या दिवशी अकीका करावा. मुलासाठी दोन आणि मुलीसाठी एक बोकड, ही सुन्नत आहे. त्यावरून मुलीची किंमत निम्मी, असा अर्थ काढू नये. आमच्याकडे घडते ते याहून वाईट. ‘पुढे मुलगा झाला की सगळ्यांचा एकदमच करू’ म्हणून मुलींचा अकीका राहूनच जातो. ऐपत असेल तर तसे करू नका. थोरलीचा राहिला असल्यास तोही आता करता येतो. अनेक उलमांनी सातव्या दिवसानंतरही मुभा दिली आहे. जावळ काढाल तेव्हा थोरलीला जवळ बसवा. गोश्ताचे वाटे घेऊन जाताना तिलाही सोबत न्या, आणि कोणाचा अकीका म्हणून कोणी विचारले, तर दोघींची नावे सांगा.