पोट उतरेल, धमनीचं काय?

कडेगाव तालुक्यातला ऊस पाहून नवख्या माणसाला पटणार नाही, की हा मुलूख अवर्षणाचा. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचललं, टप्प्याटप्प्यानं वर चढवलं, आणि कडेगाव-खानापूर-आटपाडीच्या माळाला ओल आली. १९७२च्या दुष्काळात ज्यांच्या आया पोटुशा असताना खडी फोडत होत्या, सुकडीवर दिवस काढत होत्या, ती पोरं आता पन्नाशी ओलांडून गेली. आईच्या पोटात उपास घडलेला. आता घरात साखर आहे, दारात मोटरसायकल आहे, रानात ठिबक आहे. हातपाय काटकुळेच, पण सदऱ्याच्या आत पोट सुटलेलं. त्याला आपल्याकडे कुणी आजार म्हणत नाही, ‘अंगाला लागलं’ म्हणतात.

या शरीराचं कोडं पुण्यात सुटायला लागलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. मात्र युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांचा अभ्यास याज्ञिकांच्या गटानं १९९३पासून चालवला होता. तिथलं बाळ सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं साडेतीन किलोचं; तरी आपल्या किडकिडीत बाळानं स्नायूंत काटकसर केली होती, कातडीखालच्या चरबीत तितकी नाही. टंचाईच्या हिशोबानं घडलेल्या अंगाला पुढे सुकाळ भेटला की चरबी पोटात, यकृताभोवती साचते आणि रक्तवाहिन्यांचं काम बिघडवू लागते. वजनकाट्याला यातलं काहीच दिसत नाही.

सध्या मात्र सगळी चर्चा वजनकाट्याचीच चालली आहे. पोट उतरवण्याच्या इंजेक्शनांची नावं तालुक्याच्या औषध दुकानापर्यंत पोचली. त्यातल्या सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६पर्यंतचीच होती, म्हणजे श्रीमंतांचं असलेलं औषध मध्यमवर्गाच्या खिशात बसू शकेल. अशा वेळी ‘किती किलो उतरले?’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. धमनी सुधारली का, आणि कुणाची सुधारली, हे आधी विचारायला हवं.

धमनीची चाचणी दिसायला अगदी साधी असते. माणूस उपाशीपोटी येतो. चहा नाही, तंबाखू नाही. आपल्याकडे बायकांना मिश्रीबद्दल वेगळं विचारावं लागतं, कारण ती कुणी तंबाखूत धरतच नाही. शांत खोलीत उताणं निजवतात. दंडातल्या धमनीची रुंदी सोनोग्राफीवर मोजून ठेवतात. मग कोपराखाली रक्तदाबाचा पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवतात. हात बधिरतो, मुंग्या येतात. पट्टा सोडला की रक्त लोंढ्यानं धावतं आणि निरोगी धमनी त्या लोंढ्याला वाट द्यायला रुंदावते. साडेतीन मिलिमीटरची धमनी सात टक्के रुंदावली, तर फरक पडतो जेमतेम पाव मिलिमीटरचा. सोनोग्राफी करणाऱ्याचा हात जरा हलला की मोजणी गेली. हे रुंदावणं घडवतो धमनीच्या आतल्या पातळ अस्तरातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड वायू. त्याच्या शोधासाठी १९९८चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. चरबी आणि इन्शुलिनला न जुमानणारं शरीर यांनी हे अस्तर आजारी पडतं आणि धमनी ताठर राहते, छातीत कळ येण्याच्या कितीतरी वर्षं आधी.

पोट उतरलं की धमनी आपोआप सुधारेल असं धरून चालण्यात काय धोका आहे, हे सिब्युट्रामिननं दाखवलं. भूक मारणारी ती गोळी होती आणि वजन खरंच कमी व्हायचं. सुमारे दहा हजार लोकांवर ती वर्षानुवर्षं तपासली, तेव्हा आधीच हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका १६ टक्क्यांनी वाढलेला आढळला. २०१०मध्ये ती अमेरिका-युरोपच्या बाजारातून गेली, पाठोपाठ भारतातही बंदी आली. काटा खाली आणि धोका वर, असा तो हिशोब.

सेमाग्लुटाइडचं उलटं निघालं. २०२३च्या ‘सिलेक्ट’ चाचणीत ४१ देशांतले १७,६०४ जण होते. हृदयविकारानं मृत्यू, झटका, पक्षाघात यांचं प्रमाण शंभरांत आठांवरून साडेसहावर आलं. दंडाच्या धमनीची ती चाचणी १९९२मध्ये मांडणाऱ्यांपैकी जॉन डीनफिल्ड याही कामात होते. २०२५मध्ये त्यांच्याच गटानं दाखवलं, की कंबर घटल्यानं या फायद्याचा साधारण तिसरा हिस्साच उलगडतो. उरलेला फायदा औषध दुसऱ्या वाटेनं देतं. म्हणजे वजन फारसं उतरलं नाही म्हणून औषध ‘लागू पडलं नाही’ असं म्हणता येत नाही.

पण ‘सिलेक्ट’ चाचणीत शिरायला बीएमआय किमान २७ हवा होता. फोटोतल्या याज्ञिकांना दारातूनच परत पाठवलं असतं! भाग घेणाऱ्यांत आशियाई दहा टक्केही नव्हते, बायका चौथ्या हिश्श्याहून किंचित जास्त. बीएमआय २४ आणि सुटलेलं पोट घेऊन वावरणाऱ्या आपल्या माणसाला या निकालातून थेट काय मिळतं? अंदाज मिळतो, पुरावा नाही.

तो पुरावा इथेच गोळा करावा लागेल, आणि ते सोपं नाही. घराघरातला एखादा माणूस गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यावर परमुलखात असतो. तीन-चार वर्षं चालणाऱ्या चाचणीला तो दर महिन्याला कुठून हजर राहणार? संमतिपत्र मराठीत असलं तरी ‘साहेब, तुम्ही म्हणाल तिथं सही करतो’ ही काही संमती नव्हे. ‘तुम्हाला औषध मिळेल की नुसतं पाणी, हे शेवटपर्यंत तुम्हालाही कळणार नाही, आम्हालाही नाही,’ हे दोन वेळा सांगून, बायकोच्या देखत समजावून द्यावं लागतं. शिवाय ही इंजेक्शनं थांबवली की वजन परत चढतं; एका अभ्यासात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग वर्षभरात परत आला होता. चाचणी संपल्यावर काही अटींवर औषध पुढे चालू ठेवण्याची तरतूद औषध-चाचण्यांच्या २०१९च्या नियमांत आहे. कडेगावात कुणी चाचणीचा फॉर्म घेऊन आलंच, तर तेच कलम आधी वाचायला मागावं, आणि इंजेक्शन किती वर्षं आणि कुणाच्या खर्चानं, हे लेखी घ्यावं.