कागद वाचून दाखव



पोलिसांनी उचललं कसं, गाडीत कोंबलं कसं, हे आपण सगळेच रंगवून सांगतो. सुटलो कसे, हे कुणी सांगत नाही. मी आज सुटकेबद्दल लिहिणार आहे. अटकेत माणसाची हिंमत कळते, सुटकेच्या वेळी त्याची नीती कळते. माझी कळली. ती फार बरी नव्हती.

२००४ सालचा मे महिना. आमच्या तालुक्यातल्या एका धरणाची घळभरणी चालू होती. घळ भरली की पहिल्या पावसात गाव पाण्यात. नव्या गावठाणात प्लॉट पडलेले नव्हते, विहीर नव्हती. आम्ही काम बंद पाडायला गेलो. दुपारी सगळ्यांना ताब्यात घेतलं आणि एका मंगल कार्यालयात आणून बसवलं. जिथं लोकांची लग्नं लागतात तिथं आम्ही घोषणा देत बसलो.

दिवेलागणीला कागद आले. छापील. वर्षभर शांतता राखीन, मोडली तर इतके रुपये भरीन, असा जातमुचलका. सही करा नाहीतर अंगठा द्या, आणि घरी जा. मी उठून ओरडलो, "कुणीही सही करायची नाही!" टाळ्या पडल्या. तासाभरानं टाळ्या वाजवणारे एकेक करून उठायला लागले. त्यात आमच्या बौद्धवाड्यातली एक म्हातारी होती. तिनं शाईत अंगठा बुडवला, कागदावर टेकवला, पदराला पुसला. मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो, "आज्जे, गद्दारी केलीस."

ती थांबली. म्हणाली, "लेकरा, ह्यो अंगठा सावकाराला दिला. तलाठ्याला दिला. घराचं पैसं वाटणाऱ्या सायबाला दिला. कुठल्या कागदावर काय लिव्हलंय, आजवर येकानं वाचून दावलं न्हाई. तू शिकलेला हाईस न्हवं? सकाळधरनं माझ्याच शेजारी बसलाईस. तू तरी कुठं वाचून दावलंस?"

आणि गेली. तिची शेळी सकाळपासून पाण्यावाचून बांधलेली होती.

आम्ही सही न केलेले सात-आठ जण रात्रभर तिथंच. दुसऱ्या दिवशी आम्हाला तसंच सोडून दिलं. बाहेर हार होते. मी हार घालून घेतला. मी तेव्हा कॉलेजात होतो. माझा रोज बुडाला नव्हता, कारण मला रोजच नव्हता. माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपत होती, म्हणून माझा बाणा ताठ होता. म्हातारीच्या अंगठ्याला मी गद्दारी म्हणालो. आईच्या मजुरीवर उभ्या राहिलेल्या माझ्या बाण्याला काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: ज्याला नकार परवडतो त्याचा नकार आणि ज्याला परवडत नाही त्याची सही, या दोन गोष्टी एकाच तराजूत घालायचा अधिकार कुणाला आहे?

पुढं मी कायदा वाचला. आधी वाचायला हवा होता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १५१ कलमाखाली पोलीस गुन्हा होण्याआधीच धरत आणि १०७ खाली मुचलका मागितला जाई. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. आकडे बदलून १७० आणि १२६ झाले. काम तेच. आणि मुचलका मागणारा कोण? कार्यकारी दंडाधिकारी. म्हणजे बहुतेक वेळा तहसीलदार. ज्या महसूल खात्यानं जमीन संपादन केली, नोटिसा लावल्या, त्याच खात्याचा माणूस खुर्ची फिरवून न्यायासनावर बसतो. न्याय आणि कारभार वेगळे करा असं घटनेचं ५० वं कलम सांगतं. धरणाखालच्या माणसापर्यंत ते अजून पुरतं पोचलेलं नाही.

पण त्याच जुन्या संहितेत ११२ वं कलम होतं, नव्यात ते १३१ आहे. त्यात लिहिलंय, की समोर हजर असलेल्या माणसाला त्याच्याविरुद्धचा आदेश वाचून दाखवला पाहिजे, किंवा त्याची इच्छा असेल तर मतलब समजावून सांगितला पाहिजे. म्हातारी निरक्षर होती. तिनं मागितलं ते कायद्यात शब्दाला शब्द होतं. मी साक्षर होतो. मला माहीत नव्हतं.

परवा एका पोरानं विचारलं, "धरणाविरुद्ध आत जाणं हेच बाबासाहेबांच्या विरुद्ध नाही का?" प्रश्न खरा आहे, टाळू नका. १९४२ ते ४६ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर आणि महानदीच्या योजनांना हात घातला. नद्यांचं पाणी अडवावं, वीज करावी, पूर थांबवावेत, हे त्यांना हवं होतं. मलाही हवंय. ज्यांना पाणवठ्यावर शिवू दिलं नाही, त्यांनी पाणी अडवू नका असं का म्हणावं? आमचा प्रश्न पाण्याशी नाही, हिशेबाशी आहे. नर्मदा लवादानं १९७९ साली जमीन गेलेल्या शेतकऱ्याला किमान दोन हेक्टर जमीन ठरवली. ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, त्याला जमिनीचा तो हक्क दिला नाही. आता विचारा, गावागावात सातबारा कुणाच्या नावावर नव्हता?

दुसरं, २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण. घटनात्मक मार्ग मोकळे असताना सत्याग्रहाचीही वाट सोडून द्या, असं बाबासाहेब घटना समितीत म्हणाले. अधिकारी हे आपल्यालाच ऐकवतात. पण ती अट दोन्ही बाजूंना आहे. घटनात्मक मार्ग म्हणजे नुसता अर्ज देणं नाही. त्याच बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ ला जे कलम मांडलं, ते आजचं २२ वं कलम: अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करा. त्यातच स्थानबद्धतेची फटही आहे, ती लपवायचं कारण नाही. पण कारण सांगणं, वाचून दाखवणं, ही त्या मार्गाची पहिली पायरी आहे. न वाचता अंगठा घेणारा अधिकारी ती पायरी उखडतो. आणि शेजारी बसून घोषणा देणारा, पण कागद न वाचणारा कार्यकर्ता? तो उखडलेला दगड उचलून बाजूला ठेवतो.

आणि सुटका म्हणजे तरी काय? १९९९ च्या पावसाळ्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या डोमखेडीत लोक चढत्या पाण्यात उभे राहिले. पोलिसांनी पाण्यातून ओढून नेलं, सोडलं. ते परत पाण्यात येऊन उभे राहिले. कारण सुटून जायचं कुठं? घर तिथंच होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये मेधा पाटकरांना धारच्या तुरुंगात ठेवलं, हायकोर्टाच्या जामिनावर सोडलं, तेव्हा पेपरात बातमी आली. यायलाच हवी. पण मुळशी सत्याग्रह म्हटलं की आपल्याला सेनापती बापट आठवतात, तुरुंग भोगलेले मावळे आठवत नाहीत. पुढाऱ्याची सुटका बातमी होते. बाकीच्यांची सुटका म्हणजे बुडालेल्या चुलीकडं परत जाणं.

काही मित्र म्हणतील, अशी दयामाया दाखवली तर सगळेच सही करतील, लढा मोडेल. मोडूही शकतो. पण ज्याला कागदावर काय आहे हेच सांगितलं नाही, त्याच्याकडून निष्ठा मागता येत नाही. त्याला गप्प बसवता येतं, एवढंच. सावकारानं तेच केलं होतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पुढच्या वेळी कागद आले की घोषणा थांबवा. ज्याला वाचता येतं त्यानं उभं राहून, मोठ्यानं, सगळा कागद वाचावा. मुदत किती, रक्कम किती, मोडलं तर काय होईल, सगळं सांगावं. मग ज्याला जायचंय त्याला मानानं जाऊ द्यावं. त्याची शेळी, त्याचं पोर, त्याचा रोज त्याला ठाऊक. आणि जो शिकलाय त्यानं सगळ्यांत शेवटी बाहेर पडावं. हार न घेता. 'शिका' हा शब्द आपण भिंतीवर रंगवला. तो नोकरीसाठी होता तसाच या घडीसाठीही होता.

म्हातारी आता नाही. गावही नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा दगडी कळस वर येतो, लोक पाहायला जातात. बौद्धवाडा वर येत नाही. मातीच्या भिंती होत्या, विरघळल्या. तिचा अंगठा मात्र कुठल्यातरी दप्तरात शाबूत असेल, न वाचलेल्या कागदाखाली.

मी तिची माफी मागितली नाही. मागायला गेलो तेव्हा उशीर झाला होता. तुम्ही उशीर करू नका.

जयभीम.